अंगातलं गावकूस

एस.टी. स्टँडच्या मुतारीत भिंतीवर एक शब्द हमखास चिकटवलेला असतो. गुप्तरोग. खाली 'खात्रीशीर इलाज', त्याच्या खाली फोन नंबर. उभा राहिलेला प्रत्येक माणूस तो वाचतो आणि न वाचल्यासारखं करतो. मला त्या शब्दाचा राग आहे. पोट दुखलं तर तो पोटाचा रोग. डोळे आले तर डोळ्यांचा. जांघेत पुटकुळी आली की तेवढाच गुप्त. कोणी केला गुप्त? रोग तर लपलेला नसतो. तो अंगावर फोड आणून बोंब मारत असतो. लपवतो आपण.

मित्रांनो, मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीत सुटली. पुढचं वाचन पाळी सुटल्यावर, वाचनालयात, पेंगत पेंगत केलेलं. कविता करतो. पण हा लेख कवितेचा नाही. माझ्या लिंगावर परत परत येणाऱ्या पुटकुळ्यांचा आहे. बघा, वाक्य लिहून झालं. छप्पर कोसळलं नाही. पुढं जाऊ.

आपल्या साहित्याला हे शब्द नवे नाहीत. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि जिचं नाव घ्यायला मराठी कविता बिचकत होती ती वस्ती सगळ्या रोगांसकट पानावर येऊन बसली. तेव्हापासून गरमी, परमा, पू, नासूर हे शब्द आपण व्यवस्थेच्या तोंडावर फेकत आलो. चांगलंच केलं. पण ते नासूर समाजाचं असतं. स्वतःच्या चड्डीत फोड आला की भल्या भल्या क्रांतिकारकाची वाचा बसते. मोर्चात पोलिसाची काठी खाताना न लाजणारा पोरगा डॉक्टरपुढं नाडी सोडायला लाजतो. गावानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, आणि आपण आपल्याच अंगातला एक भाग गावकुसाबाहेर ठेवलाय. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडं बघायचं नाही, तो कण्हला तरी दार उघडायचं नाही.

पहिली खेप आली ती पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात. आधी दीड दिवस एकाच जागी मुंग्या आल्यासारखं, चटका बसल्यासारखं. मग तांदळाच्या कणीएवढ्या पाच-सहा पुटकुळ्या, एका झुपक्यात, आत पाणी. अंगात ताप. जांघेत अवधाण उठलं. पुटकुळ्या फुटल्या, लघवीला जाताना आग व्हायला लागली, मग खपली धरली आणि दोन आठवड्यांत जागा साफ. जणू काही झालंच नव्हतं. दिवाळीनंतर परत आल्या. जागा तीच. या खेपेला ताप नाही, जोर कमी. शिवरात्रीच्या सुमाराला तिसऱ्यांदा मुंग्या सुरू झाल्या.

आमच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओल राखतात. माणसाचं काय होतं ते सूत बघत नाही. आठ तास घामानं कपडा अंगाला चिकटलेला. घामोळं, नायटा, केसाच्या मुळाशी पुळ्या, हे अर्ध्या खात्याला असतंच. त्यामुळं कोणाजवळ हळूच विषय काढला तर उत्तरं तयार असतात.

एक जुनाट कामगार म्हणाला, "अंगातली उष्णता हाय ती. ताक पी, सब्जा खा. जातंय आपोआप."

दुसऱ्यानं डोळा मारला. "काय रं, बाहेर कुठं तोंड मारलंस?"

तिसऱ्यानं खिशातनं ट्यूबच काढली. "ही लाव. दोन दिसांत बसतंय बघ."

त्या ट्यूबवाल्याची कथा वेगळी सांगायला पाहिजे. त्याला जांघेत नायटा होता. मेडिकलवाल्यानं न बघता ट्यूब दिली. लावली की खाज बसायची, सोडली की दुपटीनं उठायची. वर्षभर लावून लावून त्याच्या जांघेची कातडी कागदासारखी पातळ झाली, लाल-पांढऱ्या भेगा पडल्या, आणि नायटा कमरेपर्यंत चढला. असल्या मिश्र मलमात स्टेरॉईड असतं. ते खाज आणि लाली दाबतं आणि आत बुरशीला मोकळं रान देतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉईड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी मागतो कोण? लाजणारं गिऱ्हाईक दुकानदाराला बरंच असतं. ते प्रश्न विचारत नाही, पैसे ठेवतं आणि पळतं.

मला ट्यूब नको होती. मला नाव पाहिजे होतं. कारण माझं लग्न ठरलं होतं. मुलगी मिरजेकडची. बारावी झालेली, शिवणकाम करते, चौदा एप्रिलला वस्तीत उभं राहून भाषण करते. वैशाखात मंगल परिणय धरला होता. माझ्या अंगात जे काय आहे ते तिच्या अंगात जाणार का, हा प्रश्न रिंगफ्रेमच्या आवाजातही मला ऐकू यायचा. लाज माझ्या एकट्याची असती तर मी ती आणखी दोन वर्षं चड्डीत बाळगली असती. आता ती दुसऱ्याच्या अंगाचा प्रश्न झाली होती.

इथं मला बाबासाहेब आठवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिलीय. त्या शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बायको बाळंतीण, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. वजनदार माणसं मध्ये घातली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा कुठं आला, पण उभा राहिला वस्तीच्या बाहेर. आजारी बाईलाच बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच वाटेनं तो परत गेला. हात न लावता डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला. पुढं बोलावलं तर आला नाही. बाई मेली.

तपासणी म्हणजे काय? स्पर्श. नाडीला, पोटाला, जखमेला केलेला जाणत्या माणसाचा स्पर्श. तो मिळाला नाही म्हणून आपली माणसं मेलीत. आणि आज तो स्पर्श नुसत्या केसपेपरवर मिळत असताना मी आपण होऊन म्हणायचं का, की इथं हात लावू नका? हा भाग विटाळाचा आहे? मग त्या काठेवाडच्या डॉक्टरात आणि माझ्यात फरक काय राहिला?

खाडा धरला. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. पहाटेची गाडी पकडून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात गेलो. पुटकुळ्या ताज्या असतानाच गेलो, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फोड ताजा असला की डॉक्टरला नजरेनं बरंच कळतं, आणि फोडातला नमुना घ्यायचा तर तेव्हाच घ्यावा लागतो. खपली पडून कातडी कोरी झाल्यावर गेलात तर नुसती तोंडी हकिकत उरते.

दारावर पाटी तीच, 'त्वचा व गुप्तरोग'. बाकावर माझ्यासारखेच दहा-बारा जण, प्रत्येकाचं लक्ष आपल्या चपलेकडं. आत पोरगेलासा डॉक्टर. कधीपासून? किती वेळा? तीच जागा का? आधी मुंग्या येतात का? कोणाशी संबंध आला होता का, कधी? त्यानं हे सगळं असं विचारलं जसं मुकादम विचारतो, कुठला स्पिंडल, कधीपासून तुटतोय. पडद्यामागं उजेडात बघितलं, हातमोजा घालून दाबून बघितलं, जांघेतल्या गाठी चाचपल्या. ज्या गोष्टीसाठी मी तीन आठवडे शब्द जुळवत होतो ती दोन मिनिटांत झाली.

नाव मिळालं. हर्पिस. विषाणूचा आजार. आपल्याकडं जिला नागीण म्हणतात ती वेगळी, पण भावकीतलीच. हा विषाणू एकदा अंगात आला की कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. जागरण, ताप, घासणूक, थकवा असलं काही झालं की त्याच तंतूवरून खाली उतरतो आणि त्याच जागी फोड आणतो. म्हणून जागा तीच. मुळासकट घालवणारं औषध नाही. पण असायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या सुरुवातीलाच घेतल्या तर खेप लवकर आटपते. फार वरचेवर येत असेल तर रोज गोळी देऊन दाबून ठेवता येतो, ते डॉक्टर ठरवतात. आणि बहुतेकांत वर्षागणिक खेपा विरळ होत जातात.

मी विचारलं, "मला एकट्यालाच?" डॉक्टर हसला. घरी येऊन वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग आहे. पाचांत एकाहून जास्त. त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नसतं. एवढी मोठी वस्ती, आणि प्रत्येकजण समजतो की आपण एकटेच बाहेर टाकलेले.

आता तुमच्यासाठी. सगळ्या पुटकुळ्या एक नसतात. लिंगाच्या बोंडाच्या कडेनं बारीक मोत्यांसारखी दाण्यांची ओळ असते ती पुष्कळांना अंगाच्या घडणीतलीच, रोग नव्हे. कातडीखाली पिवळसर बारीक ठिपके असतात तेही तसेच. ते खरडू नका, त्यांवर चुना-ॲसिड लावू नका. केसाच्या मुळाशी पुवाची पुळी बहुधा वस्तऱ्यानं नाहीतर घामानं येते. रात्री खाज सुटते, घरात बाकीच्यांनाही सुटते, बोटांच्या बेचक्यातही आहे, तर ती खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. मध्ये खळगा असलेले गुळगुळीत दाणे हा एक विषाणू. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कोंब हे चामखिळीच्या जातीचे, तेही संबंधातून पसरणारे. जांघेत आणि काखेत खोल, ठसठसणारी गळवं परत परत येऊन वाहत राहतात, भोकं आणि व्रण सोडतात, तो आणखी वेगळा आजार. तोही डॉक्टरचाच.

यातलं कुठलं कुठलं आहे ते घरच्या आरशात ठरत नाही. मग जायचं कधी? पाणी भरलेले फोड किंवा जखम दिसली की लगेच, सुकायची वाट न बघता. जखम दुखत नसेल तर आणखी लवकर. सिफिलिस, म्हणजे आपली गरमी, तिची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरते. रोग मात्र आत उतरतो आणि वर्षांनी मेंदू-हृदयापर्यंत जातो. सुरुवातीला तो पेनिसिलिनच्या एका खेपेत बरा होतो. तीच पुटकुळी त्याच जागी परत आली, तर जायचं. दोन आठवड्यांत गेली नाही, वाढतेय, रक्त येतंय, कडक होतेय, तर जायचं. अवधाण उठलं, ताप आला, लघवीतून पू आला, जोडीदाराला काही झालं, तर जायचं. अंडकोषातली गोटी एकाएकी सुजून दुखायला लागली तर त्याच तासाला, रात्र असली तरी. आणि यातलं काहीच नाही, पण भीतीनं झोप येत नाही? तेही कारण पुरेसं आहे.

बायकांचं याहून अवघड. फोड आत असला तर दिसत नाही. अंगावरून जातं म्हणून वर्षानुवर्षं सोसायचं, वर घरच्यांनी देवीचं काढायचं. आपल्या भगिनींना सभेत पुढं बसवून भागणार नाही. त्यांच्या तपासणीला घरातनं वाट करून द्यावी लागेल.

जागा आहेत. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावानं या आजारांची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. मला गोळ्यांचं लाल पाकीट तिथंच मिळालं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा फोन फुकट लागतो. रक्त तपासायला सांगितलं तेव्हा समुपदेशक ताईंनी आधी माझी संमती घेतली. ती मेहेरबानी नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करायला आणि निकाल फोडायला बंदी आहे. माझं एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही नाही निघालं. हे तपासून घ्यायलाच पाहिजे, कारण हर्पिसच्या जखमांतून एचआयव्ही शिरण्याचा धोका वाढतो.

आता कुठून आला हा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी माझं एका बाईशी होतं. दोघांच्या मर्जीनं. तिचं नाव इथं येणार नाही. तिच्याकडून मला आला, की माझ्याकडून तिला गेला, की दोघांनाही आधीच होता, हे रक्ताच्या कुठल्याच तपासणीत कळत नाही. फोड नसतानाही हा विषाणू पसरू शकतो, आणि कित्येकांना तो वर्षानुवर्षं न दाखवता राहतो. तरी आपल्याकडं निकाल आधीच लागलेला असतो. बाईनं दिला. गरमी बाईची, परमा बाईचा. ज्यांच्या घरातल्या पोरी देवाला सोडल्या गेल्या, त्या समाजातल्या आपण तरी ही भाषा बोलू नये. मी तिला फोन केला आणि सांगितलं, तूही दाखवून घे. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस."

उरली होती मिरज. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलो, माणसांच्या नजरेत पण कानांच्या बाहेर. सगळं सांगितलं. ती बराच वेळ ओट्याची कड नखानं टोकरत राहिली.

"बरं होतं का?"

"मुळासकट जात नाही. दबून राहतं."

"मला होणारच का?"

"होणारच असं नाही. फोड असताना, मुंग्या सुरू झाल्यापासून, जवळ यायचं नाही. एरवी निरोध. तरी पुरती खात्री कोणी देत नाही."

"आणि पुढं मूल?"

"ते तुम्ही स्वतः डॉक्टरला विचारा. माझ्या तोंडून नको."

आम्ही दोघं गेलो. डॉक्टरनं तिला सांगितलं की गरोदरपणात, त्यातून शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला जास्त धोका, म्हणून आधी सांगून ठेवायचं. सांगितलं तर काळजी घेता येते, लपवलं तर नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. वैशाखातली तारीख तिनं पुढं ढकलली. अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. तिच्या अंगाचा निर्णय आहे, तो तिनं सगळं माहीत असताना घ्यावा. हा लेख तिनं छापायच्या आधी वाचला. एक वाक्य खोडायला सांगितलं. खोडलं.

शेवटी एक आठवण देतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लोक त्यांना लाजिरवाणे म्हटले जाणारे प्रश्न पत्रानं विचारत आणि ते छापून उत्तरं देत. १९३४ साली त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. तेव्हा त्यांच्या अंगावर काय कमी कामं होती? महाड होऊन गेलेलं, पुणे करार झालेला. तरीही माणसाला आपल्या शरीराबद्दल विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क आहे, यासाठी त्यांनी वकिली केली. खटला हरला. प्रश्न हरला नाही.

आपल्या अभ्यासवर्गात बुद्ध, मार्क्स, संविधान सगळं होतं. एक संध्याकाळ याला द्या. पोरांची वेगळी, पोरींची वेगळी, मग एकत्र. एखाद्या डॉक्टरला बोलवा. आणि ज्याला आत्ता, हे वाचताना, जांघेतलं काहीतरी आठवलं असेल त्यानं संध्याकाळची वाट बघू नये. केसपेपरची रांग मोठी असते, सकाळी लवकर जा. सोबत पाहिजे असेल तर मी येतो. एक खाडा पडेल, एवढंच.